बंद हंगामातला एकच वाचक

८ जानेवारी

वेंडेल,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे खोकं पाठवते आहे. वर पत्र आहे, खाली पुस्तकं. पत्र नको असेल तर खुशाल शेगडीत घाल, पण पुस्तकं वाचनालयाची नाहीत, माझी स्वतःची आहेत. त्यांच्यावर कॉफीचे डाग पडले तर मी नॉर्थ डकोटापर्यंत येऊन तुझा कान पिरगाळीन. तू एक्कावन्न वर्षांचा झालास म्हणून कान काही मोठ्या माणसाचा होत नाही.

पाय बरा आहे. डॉक्टर म्हणतो, बाणाचं पातं हाडाला चाटून गेलं, शिरेला लागलं असतं तर रानातच संपलं असतं. बाण कुणाचा होता हे त्याला ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायचं काही कारणही नाही. मी घसरून मागे पडले, भात्यातून निसटलेल्या माझ्याच बाणावर बसले. दवाखान्यात असं सांगितलं, शिकारखात्याच्या वॉर्डनला असंच सांगितलं, आणि आता सगळ्या गावाला ते पाठ झालंय. तू त्या वेळी माझ्या खाटेशी खांबासारखा उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस, ते बरं केलंस. पण त्यानंतर तीन दिवसांत सामान बांधून तेलाच्या विहिरींवर कामाला निघून गेलास, ते मात्र बरं केलं नाहीस.

शिकारीचा हंगाम संपला की दर जानेवारीत मी धनुर्धाऱ्यांच्या क्लबच्या पत्रकात यादी देते: बंद हंगामात आपल्या लोकांनी काय वाचावं. यंदा मर्विन म्हणाला, "आल्मा, या वर्षी यादी दुसऱ्या कुणाला देऊ या. तू जरा विश्रांती घे." मर्विन क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून फार गोड बोलायला लागलाय. त्याचा अर्थ मला कळतो. जी बाई स्वतःच्या बाणावर बसते, तिने लोकांना काय वाचावं ते सांगू नये. मी म्हटलं, बरं. आणि घरी येऊन यादी केलीच. यंदा ती एकाच वाचकासाठी आहे.

सगळ्यात वर हिरव्या कव्हरचं पुस्तक आहे, ते आधी वाच. कॅनडातल्या सापळे लावणाऱ्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने लिहिलंय, माग कसा काढावा याबद्दल. बाण लागल्यावर लगेच जनावराच्या मागे धावू नये, हे तुला बाबांनी शिकवलंच आहे. पण हा माणूस त्यावर अख्खं प्रकरण लिहितो. बाण पोटात लागला असेल तर रात्रभर घरी जाऊन झोप म्हणतो. मागे लागलास तर ते उठून आणखी चार मैल जाईल आणि तुला कधीच सापडणार नाही. मला हे प्रकरण वाचताना दरवेळी राग येतो, कारण मला थांबता येत नाही.

रोज दुपारी गोठ्यात गवताच्या गासडीवर बाण मारते. पायाला तेवढाच व्यायाम. मागच्या भिंतीला काही नवी भोकं पडली आहेत, फळ्या जुन्या झाल्यात.

पुस्तकं पोचल्याचं कळव.

आल्मा


१९ फेब्रुवारी

वेंडेल,

खोकं परत आलं. दोरीची गाठसुद्धा सोडली नाहीस, ती माझीच गाठ आहे, मी ओळखते. वर एक कार्ड चिकटवलेलं: "पुस्तकं नकोत. आधी खरं सांग त्यांना." एवढंच. ना कशी आहेस, ना पाय कसा आहे. पोस्टातल्या पोरीने ते कार्ड वाचलं असणार, ती सगळ्यांची कार्डं वाचते. मी तिला म्हटलं, माझ्या वजनाबद्दल लिहिलंय.

आता नीट ऐक. खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? मेलेलं कुणी नाही. लंगडते ती मी, आणि माझी तक्रार नाही. तू मात्र परवाना गमावशील, वर खटला होईल, आणि ज्या गावात बाबांनी बनवलेली धनुष्यं घराघरांत टांगलेली आहेत तिथे तू 'बहिणीला मारणारा' म्हणून ओळखला जाशील. मी बाणावर बसले यात लोकांना हसायला मिळतं. हसू देत.

आणि हसतातही. गेल्या शुक्रवारी सभेला गेले तर मर्विनने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बघून बस हं, आल्मा." सगळा हॉल खिदळला. मीही हसले. मग नव्या मुलांचा सुरक्षेचा वर्ग कोण घेणार यावर बोलणं निघालं. बावीस वर्षं मी घेते तो वर्ग. मर्विन खाली बघत म्हणाला, "यंदा मी घेतो. पालक विचारतात गं."

"काय विचारतात?"

"आता तूच सांग, काय विचारत असतील."

मी माझा वेलदोड्याचा पाव उचलला आणि घरी आले. एरवी तो तिथेच वाटते. आठवडाभर एकटी खात बसले. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खोटं बोलण्याची किंमत मी भरते आहे आणि ती मला परवडते, एवढंच सांगायचंय.

खोकं परत पाठवते आहे. यात एक जास्तीचं पुस्तक घातलंय, गुरांच्या डॉक्टरांसाठीचं, हरणाच्या आतल्या अवयवांची चित्रं आहेत. चित्रं बघायला तरी दोरी सोडशील. पुन्हा परत पाठवलंस तर मी पुन्हा पाठवीन. टपालखर्चाने तूच आधी दमशील.

आल्मा


३० मार्च

वेंडेल,

तुझं पत्र आलं. पहिलं खरं पत्र, आणि त्यात हे! वॉर्डनला लिहिणार म्हणतोस. कोरा कागद टेबलावर ठेवलाय म्हणतोस. तो कागद उचल आणि कामाच्या बुटांत कोंब, बूट तरी सुकतील.

तू लिहितोस, "मी बाण सोडला नव्हता आल्मा, तो सुटला. हरणाचा नर आपल्या दोघांच्या मधून चालला होता. पलीकडे तू पाठ करून बसलेली मला दिसत होतीस. तो पुढे सरकेपर्यंत नुसता ताण धरून थांबायचं होतं. हात गालाला लागायच्या आतच बोटं उघडली." हे तू मला पाच महिन्यांनी सांगतोस. मला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. तू माझा भाऊ आहेस, मी तिथे बसले आहे हे माहीत असताना तू बाण सोडणार नाहीस. मग दुसरं काय झालं असणार?

त्या रोगाचं नाव आपल्यात कुणी घेत नाही. चाकं-पुल्यांची धनुष्यं वापरणारे यंत्राचा दोष म्हणून मोकळे होतात. आपल्या लाकडी धनुष्याला दोष द्यायला काही नाही, दोष बोटांचा. बाबा त्याला नुसतं 'घाई' म्हणायचे, आणि एखाद्याला लागली तर त्याच्यासमोर विषयही काढायचे नाहीत. तुला ती किती वर्षं होती? दोन? तीन? मला का नाही सांगितलंस? मी ओरडले असते म्हणून?

ओरडले असते, हे खरं.

खोक्यात तळाशी तपकिरी पुस्तक आहे, पाठ फाटलेली. नेम शिकवणाऱ्या एका बाईचं आहे. त्यातलं सातवं प्रकरण वाच. तिने रोगाचं नाव न घेता सगळं लिहिलंय. गासडीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, ओढायचं, गालाला लावायचं, आणि न सोडता हळूच दोरी परत न्यायची. बाबा हेच म्हणायचे ना आपल्याला, "परत ने." शंभर वेळा ओढ आणि शंभर वेळा परत ने, मग एखादा बाण सोड. कंटाळवाणं आहे, पण गुण येतो म्हणतात.

माझ्या ओळखीची एक बाई आहे, तिलाही ही घाई लागली आहे, अलीकडेच. आयुष्यभर तिचा हात दगडासारखा. आता दोरी अर्ध्यावर आली की तिच्या मानेमागे काहीतरी सरकतं आणि बोटं उघडतात. पाठीमागे कुणी उभं असेल तर फारच वाईट. ती सातवं प्रकरण रोज वाचते. अजून तरी काही फरक नाही, पण ती चिवट आहे.

कागदाचं काय केलंस ते लगेच कळव. मला झोप लागत नाही.

आल्मा


११ मे

प्रिय वेंडेल,

तू वाचतोयस हे वाचून किती बरं वाटलं ते सांगत नाही, डोक्यावर बसशील. हिरवं पुस्तक दोनदा वाचलंस! गाडीवजा घरात, शेजारचा माणूस रात्रभर रेडिओ लावतो त्या आवाजात! आणि हरणाच्या काळजाचं चित्र कापून भिंतीला लावलंस, याबद्दल मी काही बोलत नाही. पुस्तक माझं होतं, एवढं मात्र लक्षात ठेव.

तुझ्याकडे तिथे धनुष्य नाही, म्हणून तू दाराला दोरीचा तुकडा बांधून ओढतोस आणि परत नेतोस, हे वाचून मी हसले. मग हसू थांबलं.

तू विचारतोस, ती ओळखीची बाई कोण. तू तिला ओळखत नाहीस. ती तळ्यापलीकडे राहते.

क्लबची वसंतातली स्पर्धा झाली, रानात खोट्या हरणांवर बाण मारायची. मी नाव दिलं होतं आणि मागे घेतलं. पाय दुखतो म्हणून सांगितलं. मर्विन माझ्या गाडीपर्यंत आला. त्याच्या हातात मांस-बटाट्याची पेस्टी होती, ती मला देत म्हणाला, "पाय दुखतो तर चालताना लंगडशील. तू आत्ता पळत आलीस."

"मर्विन, तुला दुसरं काम नाही का?"

"आहे. पण तुझा चेहरा बघवत नाही, म्हणून आलो."

मी गाडी चालू केली. पेस्टी घेतली, कारण त्याच्या बायकोच्या, डोरीनच्या पेस्टीला नाही म्हणण्याइतकी मी चिडलेली नव्हते.

वॉर्डनच्या पत्राबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. ना लिहिलं म्हणतोस, ना फाडलं म्हणतोस. असं गप्प राहायला तू कुठे शिकलास? आपल्या घरात तर सगळे तोंडाळ. मला स्पष्ट हो किंवा नाही पाहिजे. तू तुरुंगात गेलास तर मी काय करू, याचा विचार तुझ्या मनात येतो का? आई गेली, बाबा गेले, माझा नवरा कार्ल गेला. ओरडायला मला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आल्मा


२१ ऑगस्ट

वेंडेल,

पाठवलंसच तर ते पत्र.

हॅकेट आज सकाळी आला. नवा वॉर्डन, तुला आठवेल, लहानपणी माझ्याकडे वाचनालयात येऊन सापांची पुस्तकं मागायचा आणि परत करायला विसरायचा. मी मागच्या ओट्यावर मुरंब्यासाठी ब्लूबेरी निवडत होते. टोपी काढून पायरीवर बसला, दोन बेरी तोंडात टाकल्या, आणि तुझं पत्र माझ्यापुढे धरलं. तुझं अक्षर अजून तसंच, एका बाजूला कललेलं.

"मिस आल्मा," तो म्हणाला, वाचनालयातली सगळी पोरं मला म्हणायची तसं, "दोघांपैकी एकाने खोटं लिहून दिलंय. कुणी, तेवढं सांगा."

मी म्हटलं, "माझ्या भावाने. तो लहानपणापासून असाच आहे. शेजारची काच कुणीही फोडो, हा आपणच फोडली म्हणायचा."

"जखम मांडीच्या मागून आहे."

"मी मागेच पडले होते."

"माझ्याकडे डॉक्टरची नोंद आहे. बाण आडवा आलाय. बाणावर बसलं तर तो खालून वर जायला हवा." तो हे अगदी हळू बोलला, मला लाज वाटू नये म्हणून. त्यामुळे मला जास्तच वाटली.

मी म्हटलं, "तुला सापांची अजून दोन पुस्तकं परत करायची आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, "परवा ऑफिसात या. जे खरं म्हणाल त्यावर सही करा. तुम्ही जुनंच सांगितलंत तर तुमच्या भावाने सरकारला खोटं पत्र पाठवलं असं होईल, आणि त्याचंही कलम आहे. तुम्ही त्याचं खरं म्हणालात, तर न्यायाधीश बघतील. ते एकच विचारतील." मग त्याने पत्राची घडी घातली. "माणसाने सोडला नाही आणि बाण सुटला, असं होतं का? मी बंदुकीचा माणूस. मला हे पत्र पळवाट वाटतं. न्यायाधीशालाही वाटेल. समोर बहीण बसलेली दिसत असताना त्याने बाण मारला, एवढंच त्यांना दिसेल. तसं ठरलं तर तुरुंग आहे."

आता बघ तू काय करून ठेवलंस. खोट्यावर सही करू तर तू लबाड ठरतोस. खऱ्यावर करू तर तू बहिणीवर बाण चालवणारा ठरतोस. माझ्या हातात जे जे होतं ते मी तुला वाचवायला वापरलं, आणि तू स्वतःच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलास. मला तुझा इतका राग आलाय की मुरंबा करपला. घरभर वास आहे.

हॅकेट गेल्यावर मी गोठ्यात गेले. गासडीपुढे उभी राहिले. त्याचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता: असं होतं का? अख्ख्या गावात या प्रश्नाचं उत्तर छातीठोकपणे देईल असं एक माणूस आहे. ते माणूस तळ्यापलीकडे राहत नाही.

तुला कळलंच असेल. मे महिन्यातच कळलं असेल, म्हणून पुन्हा विचारलं नाहीस.

आल्मा


६ सप्टेंबर

प्रिय वेंडेल,

न्यायाधीशाचा कागद तुला मिळाला असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण कागदात खरी गोष्ट नाही.

हॅकेटने सांगितलेल्या दिवशी ऑफिसात जायचं होतं, गेले नाही. हॅकेटला फोन केला आणि म्हटलं, तू इकडे ये, येताना मर्विनला घेऊन ये, त्याला धनुष्यातलं कळतं, तो साक्ष देईल. दोघं आले. मी त्यांना गोठ्यात नेलं आणि म्हटलं, माझ्या पाठीमागे उभे राहा. अगदी मागे. मर्विन म्हणाला, "कशासाठी?" मी म्हटलं, "तोंड बंद ठेव आणि माझ्या हाताकडे बघ. माझा हात गालाला लागतो का, एवढंच बघ."

मग सांगितलं, "मी बाण सोडणार नाही. नुसती दोरी ओढून धरणार आहे." आणि ओढली.

वेंडेल, खोटं करायची गरजच पडली नाही. मला खरोखर धरून ठेवायची होती. त्या क्षणी तर जीव तोडून धरायची होती, कारण दोन पुरुष मागे उभे होते आणि बावीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं. दोरी अर्ध्यावर आली, मानेमागे ते सरकलं, आणि बाण गासडीवरून भिंतीत गेला. पुन्हा तेच केलं, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही बाण भिंतीत गेला, तेव्हा हॅकेट म्हणाला, "पुरे, मिस आल्मा."

मी वळले नाही. भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "असं होतं. माझ्या भावालाही हेच झालं. पातं लागलं ते त्याचंच, मी बाणावर बसले नव्हते. लिहून घे."

मग मागून मर्विनचा आवाज आला. "मला सहा वर्षं आहे."

मी वळले. त्याने टोपी काढली होती. "मी खांदा दुखतो म्हणून सांगतो," तो म्हणाला. "डोरीनलासुद्धा माहीत नाही." आणि रडायला लागला, मर्विन, ज्याने मला भर सभेत खुर्ची बघून बसायला सांगितलं. त्याला थापटत बसावं लागलं. हॅकेट बिचारा दारात उभा राहून बाहेर बघत होता.

दोघांनीही न्यायाधीशाला सांगितलं. म्हणून तुरुंग नाही. परवाना तीन हंगाम बंद, आणि मला खोटं सांगितल्याबद्दल ताकीद, ती मी मान खाली घालून ऐकली. वर्ग मर्विनकडेच राहिला. त्याने मला येऊन घाईवर बोलायला सांगितलंय, नाव घेऊन. मी विचार करते म्हटलं.

गावाला कळलं. दुकानात दोघं जण माझ्याकडे बघून गप्प झाले. आणि म्हातारा इस्रेल कोस्की, जो कधी कुणाशी बोलत नाही, तो म्हणाला, "पोराला सांग, घरी ये."

म्हणून सांगते, ये. एक ऑक्टोबरला हंगाम उघडतो. तू धनुष्य उचलू शकत नाहीस, पण रानात बसायला परवाना लागत नाही. माझ्याबरोबर बस. माझ्या मागे बस. खरं सांगते, तुझ्याशिवाय दुसरं कुणी मागे बसण्याचाही मला धसका आहे, आणि तू बसण्याचा सगळ्यात जास्त आहे. म्हणूनच तुला बोलावते आहे. त्या जागेवर जायचं, देवदारांच्या कडेला.

येणार नसशील तर नको येऊस. मी मागे लागणार नाही. हिरवं पुस्तक मीही वाचलंय.

आल्मा


९ ऑक्टोबर

प्रिय वेंडेल,

तू परत विहिरींवर पोचल्याचं कार्ड आलं. डबा रिकामा झाला का? पावाचा अर्धा भाग शेजारच्या रेडिओवाल्याला दे म्हटलं होतं, दिला नसशील.

त्या संध्याकाळी रानातून घरी येताना आपण दोघंही बोललो नाही. रात्री सौनाच्या वाफेत बसलो तेव्हा तू फक्त तापल्या दगडांवर पाणी ओतत होतास. सकाळी तुझी बस. तू मागे होतास, तुला माझी पाठच दिसली. म्हणून समोरून काय झालं ते लिहिते.

आपण बसलो तेव्हापासून मला फक्त तुझा श्वास ऐकू येत होता. रान, पाणी, खारी, काही नाही, फक्त तू. मानेमागे ते सरकायला लागलं होतं, धनुष्य मांडीवर असतानाच. मी मनात म्हणत होते, आज जनावर येऊ नये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रानात बसून देवाकडे हे मागितलं. तुला उठून जा म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं.

आणि तो आला. त्याच वाटेने, गेल्या वर्षीच्याच. रुंद शिंगांचा, मान खाली, काही घाई नसलेला. वाऱ्याला आपला वास नव्हता. तो थांबला तिथून मी डोळे मिटून मारला असता, एके काळी.

मी ओढली. दोरी अर्ध्यावर आली आणि बोटं निघाली. मला जाणवलं, ती उघडायला लागली आहेत, मी उघडत नव्हते. वेंडेल, तेव्हा मला कळलं तुला त्या वेळी कसं झालं असेल. इतके महिने मी तुला समजून घेतलंय असं समजत होते, पण समोर जिवंत जनावर असताना ते वेगळं असतं. आपला हात आपला राहत नाही. आणि तू ते एकट्याने धरून बसला होतास, आणि मी तुझ्यावर ओरडत होते.

तेव्हा तू म्हणालास, "परत ने."

इतकं हळू, की नराचा कानही हलला नाही. हुकूम नव्हता. बाबांचाच सूर, पण आवाज तुझा. "आल्मा, परत ने."

बोटं थांबली. मला वाटलं नव्हतं थांबतील. मिटली, दोरीला धरून राहिली. मी खेचत गेले आणि अंगठा गालाला लागला. गेल्या ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा लागला. पिसं ओठांच्या कोपऱ्याशी आली, पिसांचा वास आला. बाण त्याच्या खांद्यामागे बरोबर होता. मारू शकले असते. धरून ठेवला, किती वेळ ते मला माहीत नाही, तुला मोजायचं सुचलं असेल तर सांगू नकोस. आणि मग हळूच, सगळी, परत नेली.

तो गवत खात पुढे गेला. तुला वाटलं असेल मी थंडीने हलते आहे. मी रडत होते. तू खांद्यावर हात ठेवला नाहीस, थांबलास, हे फार शहाणपणाचं केलंस. ठेवला असतास तर मी किंचाळले असते आणि तळ्यापलीकडचं जनावरही पळालं असतं.

मर्विनला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे रिकाम्या हाताने आलात."

मी म्हटलं, "हो."

तो म्हणाला, "वा."

काल त्याने निरोप पाठवलाय, पत्रकातली यादी परत माझ्याकडे. मी नाही म्हटलं. त्याला म्हटलं, यंदा वेंडेल लिहील. त्याने सगळी पुस्तकं वाचली आहेत, भिंतीला काळीज लावून ठेवलंय, आणि त्याच्यापुढे तीन हंगाम मोकळे पडलेत. जानेवारीपर्यंत पाठव. अक्षर सरळ काढ, पोस्टातली पोरगी वाचते.

तुझी बहीण,
आल्मा